सदतीस तारल्या आणि दोन पानं

आलोशियस तुस्कानो यांना स्वयंपाकघर ठाऊक नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. अडतीस वर्षांच्या संसारात ते रोज तिथे जात, फ्रिजमधली पाण्याची बाटली काढत, रिकामी करत आणि तशीच पुन्हा फ्रिजमध्ये ठेवत. त्यापलीकडचा कारभार सालोमीबाईंचा. भाऊसाहेब एका हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, म्हणून वसईत सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत. ज्याचं काम त्यानं करावं आणि दुसऱ्याच्या टेबलावरच्या कागदाला हात लावू नये, हे तत्त्व त्यांनी शाळेत पाळलं तसंच घरातही पाळलं होतं.

पण त्या वर्षी पाऊस सरता सरता सालोमीबाईंच्या छातीत दुखलं. हृदयाची एक नळी बुजली होती. डॉक्टरांनी ती उघडून आत स्टेंट बसवला आणि पाचव्या दिवशी घरी सोडलं. पंधरा दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. जेवणाचा डबा सुरू झाला. डब्यात दुधी असे. दुसऱ्या दिवशीही दुधी असे. तिसऱ्या दिवशी पडवळ आलं तेव्हा भाऊसाहेबांना सण असल्यासारखं वाटलं, पण सालोमीबाईंनी दोन घास खाऊन ताट सरकवलं.

ताट सरकवण्याचं इतकं काही नव्हतं. त्या बोलायच्या थांबल्या होत्या, ते खरं दुखणं होतं. ही बाई एरवी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता तळमजल्यावरच्या माणसाशी भांडू शकत असे. आता विचारलं तर "नको" म्हणायच्या, नाही विचारलं तर तेही नाही. सकाळी तांदळाच्या भाकरीची थापट ऐकू येत नसल्यामुळे भाऊसाहेबांना पेपर वाचता येईना. एकच बातमी तीनदा वाचून झाल्यावर ते उठले आणि दवाखान्याची फाईल काढून बसले.

फाईलमध्ये आहारतज्ज्ञ मुलीनं दिलेला कागद होता. त्यावर तिसऱ्या क्रमांकाला लिहिलं होतं : तेलकट मासे, विशेषतः तारली, आठवड्यातून दोनदा. तळू नये. साध्या पद्धतीने शिजवावी. भाऊसाहेबांनी 'साध्या पद्धतीने' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली. सालोमीबाईंना तारली जिवापाड आवडायची, पण ती कुरकुरीत तळलेली, लाल मसाल्यातली, भाकरीबरोबर. ते आता बंद. पण तळणं बंद होतं, मासा बंद नव्हता. कागदावर तसं स्वच्छ लिहिलं होतं, आणि लेखी आदेशावर भाऊसाहेबांचा विश्वास होता.

"सालू, शनिवारी डबा नको सांगतो," ते म्हणाले. "मी तारली करणार आहे."

सालोमीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. ती भीती होती, पण काही नसण्यापेक्षा बरी.

शनिवारी सकाळी भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून बाजारात गेले. दोघांना दोन-दोन, म्हणजे चार तारल्या, असा हिशेब त्यांनी चिठ्ठीवर लिहून नेला होता. कोळणीनं चिठ्ठीकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं. चार तारल्या मांजराला पण पुरत नाहीत, वाट्यानं घ्यायची असते, असं तिनं शांतपणे समजावलं. भाऊसाहेबांनी वाटा म्हणजे नग किती, असं विचारलं. तिनं पिशवी पुढे करायला सांगितलं. मग त्यांनी मासे साफ करून मिळतील का विचारलं. सुरमई असती तर कापून दिली असती, तारली ज्याची त्यानं घरी करायची, बायको करील की, असं ती म्हणाली.

"बायको आजारी आहे," भाऊसाहेब म्हणाले. "तिच्यासाठीच न्यायचीय."

कोळणीचा हात थांबला. तिनं वाटा पिशवीत टाकला, मग शेजारच्या वाट्यातल्या दोन मुठी वर टाकल्या, आणि भाऊसाहेब नको नको म्हणत असताना आणखी एक मूठ टाकली.

"खाऊ दे तिला पोटभर," ती म्हणाली. "पानी सुटलं पायजे तोंडाला. मग मानूस उठतं."

माणसाच्या चांगुलपणामुळे माणूस किती अडचणीत येतो, हे भाऊसाहेबांना घरी येऊन पिशवी ओट्यावर उपडी केल्यावर कळलं. त्यांनी मोजल्या. सदतीस भरल्या. सदतीस चंदेरी तारल्या चौऱ्याहत्तर डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होत्या.

तारलीचे खवले सैल असतात. इतके सैल, की पाण्याखाली धरून नुसता अंगठा फिरवला तरी निघतात. हे भाऊसाहेबांना नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी सुरी घेतली आणि कोरड्या ओट्यावर, पेन्सिलीला टोक काढावं तशा जोरानं खरवडायला सुरुवात केली. खवले उडाले. ते चष्म्यावर बसले, कपाळाला चिकटले, पंख्यापर्यंत गेले आणि चर्चच्या कॅलेंडरवर ऑक्टोबरचे सगळे रविवार झाकून टाकले. सव्वा तासानं सदतीस तारल्या स्वच्छ झाल्या आणि स्वयंपाकघर नाताळातल्या गोठ्यासारखं चमचम करू लागलं.

आता डोकी, आतडी आणि खवले यांचा एक लगदा उरला. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. लगदा उद्यापर्यंत घरात ठेवला असता तर उद्यापर्यंत घरात माणसं राहिली नसती. भाऊसाहेब दारात पिशवी घेऊन विचार करत उभे होते, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॉसीबाई जिना उतरत आल्या. फ्लॉसीबाईंना कोणत्याही विषयावर मत मागायची गरज नसे. त्यांनी पिशवीचा वास घेतला आणि लगेच निकाल दिला. असलं सोनं कोणी फेकतं का? त्यांचे वडील वाडीतल्या केळींना तारलीचंच खत घालायचे. खड्डा खणायचा, टाकायचं, माती लोटायची. खाली टाकीजवळ सोसायटीच्या तीन केळी आहेतच की. आणि खाली जातच आहात तर येताना दोन पानं आणा, तारली पानात गुंडाळून तव्यावर ठेवली तर थेंबभर तेल लागत नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं.

भाऊसाहेबांना हे पटलं. साधी पद्धत म्हणतात ती हीच असणार. पण पानं म्हणजे सोसायटीची मालमत्ता, आणि विचारल्याशिवाय मालमत्तेला हात लावणारा माणूस त्यांच्या दृष्टीनं संपलेला होता. खत घालणं ही सेवा आहे, तिला परवानगी लागत नाही. पानं तोडणं हा वापर आहे, त्याला लागते. असा बारीक भेद करून त्यांनी आधी सेवा उरकायचं ठरवलं.

त्यांच्याकडे खुरपं नव्हतं, म्हणून उलथनं घेतलं. तिन्हीतल्या सर्वात मोठ्या केळीला घड लागला होता, चांगला हातभर लांब. तिलाच खत द्यावं, म्हणजे कष्टाचं चीज होईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी बुंध्यालगत फूटपट्टीनं मापून एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल असा खड्डा खणला. कडा काटकोनात नव्हत्या म्हणून पुन्हा थोडं खणलं. मध्ये मुळं आली ती उलथन्यानं तोडली. मग लगदा घातला, वर थोडी माती लोटली आणि हात धुऊन ते अर्ज लिहायला वर गेले.

अर्ज लागणारच होता. मागच्या श्रावणात कोणीतरी पूजेसाठी म्हणून तिन्ही केळी बोडक्या केल्या होत्या. तेव्हापासून पानं तोडण्यास सचिवांची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक आहे, असा ठराव झाला होता. ठरावाची भाषा खुद्द भाऊसाहेबांनी लिहिली होती. सचिव होते तळमजल्यावरचे जयराम पाटील. मूळचे चांदीपचे, गावाकडे भातशेती, इथे बांधकामाच्या सामानाचं दुकान. केळी लावल्या होत्या त्यांच्या बायकोनं, हंसानं, आणि ती त्यांना लेकरांसारखं जपायची.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी जयराम आपल्या मुलीचा, खुशीचा शाळेचा दाखला मागायला भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले होते. पहिल्या दिवशी अर्जावर तारीख नव्हती. दुसऱ्या दिवशी कारण नमूद नव्हतं. तिसऱ्या दिवशी सगळं होतं, पण साहेब जेवायला गेले होते. भाऊसाहेब हे विसरले होते. असल्या गोष्टी टेबलाच्या अलीकडचा माणूस विसरतो, पलीकडचा नाही.

जयरामनी अर्ज हातात घेतला. सावकाश वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"तारीख नाय, भाऊसाहेब," ते म्हणाले.

भाऊसाहेब चमकले. खरंच नव्हती. हयातीत पहिल्यांदा हे घडलं होतं. ते दोन जिने चढून वर गेले, पेन घेऊन तारीख टाकली आणि पुन्हा दोन जिने उतरले. पेन खाली जयरामच्या खिशातही होतं, पण ते मागणं त्यांच्या स्वाभिमानाला झेपलं नसतं. या खेपेला जयराम म्हणाले की कारण लिहिलेलं नाही. वर जाऊन भाऊसाहेबांनी 'पत्नीच्या पथ्यासाठी तारली शिजवण्याकरिता' असं लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, कारण आजवर कुठल्याच अर्जावर त्यांनी बायकोसाठी काही लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला जयरामनी ते कारण वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. वहिनींचं आजारपण त्यांना ठाऊक होतं, पण भाऊसाहेब स्वतः शिजवतायत हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिसरी त्रुटी त्यांनी तोंडातल्या तोंडात गिळली. टेबलाचा खण उघडून शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि अर्जावर उमटवला. 'दोन पाने मंजूर' असं लिहून सही केली. चला, मीच कापून देतो, म्हणून विळा घेऊन ते बाहेर निघाले.

बाहेर टाकीजवळ चार मांजरं आणि एक कुत्रा होता. तारलीच्या खताची बातमी त्यांना कोणी दिली कोण जाणे, पण त्यांनी खड्डा पुन्हा उकरला होता, भाऊसाहेबांच्या मापापेक्षा दुप्पट. कुत्रा तर कमरेपर्यंत आत होता. घडाच्या ओझ्यानं वाकलेल्या केळीला आता एका बाजूला मुळं उरली नव्हती. दोघे कोपऱ्यावर येतात न येतात तोच ती कलली. घाई न करता, एखाद्या वयस्क पाहुणीनं खुर्चीत बसावं तशी, घड, पानं आणि केळफूल यांच्यासह ती जयरामच्या स्कूटरवर आडवी झाली. मांजरं बाजूला झाली. कुत्रा तोंडात तारलीचं डोकं घेऊन निघून गेला.

जयरामनी स्कूटरकडे पाहिलं. मग त्यांनी हातातल्या अर्जाकडे पाहिलं.

"दोनच पानांची परवानगी दिली होती," ते हळूच म्हणाले.

तीस वर्षांच्या नोकरीत भाऊसाहेबांवर एक ठपका नव्हता, आणि आज एका सकाळीत सोसायटीची केळ, सचिवाची स्कूटर आणि स्वतःचा शर्ट, तिन्ही गेली होती. तेवढ्यात आवाज ऐकून हंसा बाहेर आली. तिनं केळ पाहिली आणि पदर तोंडाला लावला. घड भरायला अजून पंधरा दिवस हवे होते. हे कोणी केलं, असं तिनं विचारलं. भाऊसाहेब पुढे झाले, दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले आणि खड्ड्याच्या मापासकट सगळं कबूल केलं. उद्या नवीन रोप आणून लावीन, असंही म्हणाले.

हंसा रागानं काहीतरी बोलणार होती. पण तिची नजर भाऊसाहेबांवर गेली. केसांत खवले, भुवईवर खवला, कोपरापर्यंत माती, खिशाला लावलेली फूटपट्टी, आणि डोळे असे की आता कोणी रागावलं तर हा माणूस रडेल. तिनं जयरामच्या हातातून विळा घेतला आणि आडव्या केळीची कोवळी, न फाटलेली पानं एकेक करून कापली. दोन नाही, आठ कापली.

"वहिनी जेवल्या का?" एवढंच तिनं विचारलं.

साडेबारा वाजून गेले होते. जेवल्या नव्हत्या.

मग जे व्हायचं तेच झालं. हंसा पानं घेऊन वर आली, तिच्यामागे जयराम आले, आणि फ्लॉसीबाई तर दारातच उभ्या होत्या. तिघांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पानं आधी विस्तवावर धरून मऊ करा, नाहीतर फाटतील, असं हंसाचं म्हणणं. बाटलीत भरून ठेवलेला वर्षाचा मसाला घातल्याशिवाय तारलीला चव नाही, हे फ्लॉसीबाईंचं. आमच्याकडे तारली मडक्यात कोकम घालून ठेवतात, पानी नाय, तेल नाय, पान पन नाय, असं जयराम सांगत होते. तिघांचा आवाज वाढत गेला. आतल्या खोलीतून सालोमीबाईंनी कोण आलंय असं विचारलं, तेव्हा भाऊसाहेबांनी सगळं नियमाप्रमाणे चाललं आहे असं कळवलं.

शेवटी त्यांनी तिघांना हॉलमध्ये बसवलं आणि दार लोटून घेतलं. तुमचे सल्ले चांगले आहेत, पण हे मला करायचं आहे, असं ते म्हणाले. आवाज असा होता की फ्लॉसीबाईसुद्धा गप्प बसल्या.

भाऊसाहेबांनी कागद समोर ठेवला. तारल्यांना हळद लावली. लसूण, कोथिंबीर आणि दोन मिरच्या वाटल्या, त्यात कोकमाचं पाणी घातलं आणि ते चोळलं. हंसाचं ऐकून पानं शेकून घेतली. प्रत्येक पानात चार तारल्या ठेवून घडी घातली आणि वर दोरा बांधला. गाठ मात्र त्यांची स्वतःची होती, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला मारायची ती. ती तीस वर्षांत एकदाही सुटली नव्हती, त्यामुळे पुढे सोडवतानाही सुटली नाही, कात्री लागली. पहिलं पुडकं मोठ्या आचेवर कोळसा झालं. दुसऱ्याला आच कमी केली, झाकण ठेवलं, आणि घड्याळ लावून ते तव्यासमोर खुर्ची टाकून बसले. दहा मिनिटांनी झाकणाखालून वास आला. हिरव्या पानाचा, कोकमाचा आणि समुद्राचा. हॉलमधली कुजबुज थांबली.

पाहुण्यांना एकेक पुडकं देऊन त्यांनी वाटेला लावलं. अडीच वाजता टेबलावर दोन ताटं मांडली, हंसानं वर पाठवलेला भात वाढला आणि सालोमीबाईंना हाताला धरून आणलं. दोघांनी क्रूसाची खूण करून जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. पान उलगडलं, वाफ वर आली. सालोमीबाईंनी एक घास घेतला. भाऊसाहेब निकालाच्या फलकासमोर उभं राहावं तसे बसून होते.

"मीठ नाही," त्या म्हणाल्या.

"कागदावर कमी लिहिलंय."

"कमी म्हणजे असतं, अहो."

आणि भाऊसाहेब उठायच्या आत त्या स्वतः उठल्या. पाय जपून टाकत, भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. ओट्यावर सुरी, उलथनं, दोरा आणि काळं पडलेलं पान होतं. भिंती खवल्यांनी चमकत होत्या. पंख्याच्या पातीवरून एक खवला गिरक्या घेत खाली आला. सालोमीबाईंचे खांदे हलू लागले. भाऊसाहेब घाबरून धावले, छातीत दुखतंय का विचारू लागले. त्या नाही नाही म्हणून हात हलवत होत्या, छातीवर तळवा दाबून हसत होत्या, आणि हसू थांबेना म्हणून डोळे पुसत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी चिमूटभर मीठ घेतलं आणि त्या परत येऊन बसल्या.

आता कुठे भाऊसाहेबांना भूक लागली. त्यांनी अख्खी तारली उचलली आणि मधोमध चावली. पुढच्या क्षणी ते खोकू लागले. पाणी पिऊन, भाताचा गोळा गिळून त्यांनी तोंडातून एक, मग दुसरा, मग मूठभर बारीक काटे काढले.

"त्या बाईनं फसवलं," ते गंभीरपणे म्हणाले. "काटेवाली तारली दिली. म्हणूनच तीन मुठी जास्त टाकल्या."

सालोमीबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"तारलीला काटे असतातच."

"छे. आपल्या घरी कधी नसतात. मी शाळेत सगळ्यांना सांगायचो, बिनकाट्याचा मासा खायचा तर तारली."

सालोमीबाईंनी भाऊसाहेबांच्या ताटातली दुसरी तारली आपल्याकडे ओढली. दोन बोटांत शेपटी धरली, पाठीवरून अंगठा दाबत नेला, मासा उघडला आणि मधला काटा हलकेच वर उचलला. अख्खा कणा, बारीक फासळ्यांसकट, एका ओढीत बाहेर आला. तो त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला आणि स्वच्छ मासा भाऊसाहेबांच्या भातावर ठेवला. हे सगळं इतक्या सवयीनं झालं की त्यांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

भाऊसाहेब त्या कण्याकडे पाहत बसले. अडतीस वर्षं त्यांच्या ताटात मासा येत होता आणि त्याचा काटा स्वयंपाकघरातच राहत होता. याची कुठे नोंद नव्हती. कोणी कधी अर्ज केला नव्हता.

"दाखव परत," ते म्हणाले. "सावकाश."

त्यांनी एक तारली घेतली आणि तिचं शेपूट धरलं. अंगठा दाबला तर मासा मधून तुटला. दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला तर कणा अर्धा आला, अर्धा आत राहिला. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेक काटा चिमटीनं काढायला घेतला. भात गार झाला. खाली हंसा नवऱ्याच्या स्कूटरवर पाणी ओतत असल्याचा आवाज येत होता. सालोमीबाई दुसरं पान उलगडून आपल्या दोन तारल्या खाऊन मोकळ्या झाल्या आणि हनुवटीखाली हात घेऊन बघत बसल्या. अखेर भाऊसाहेबांनी त्यांच्या ताटात जो ऐवज ठेवला, तो कोणे एके काळी मासा होता, असं शपथेवर कोणी सांगितलं नसतं.

सालोमीबाईंनी तो बोटांनी चाचपला. आत राहिलेला एक काटा काढून बाजूला ठेवला आणि बाकीचं सगळं, पानाला लागलेल्या मसाल्यासकट, पुसून खाल्लं.

"अजून एक काढा," त्या म्हणाल्या.